रजेचा अर्ज आणि हातबॉम्ब

आमच्या साताऱ्यात फौजेबद्दल उणा शब्द कुणी ऐकून घेत नाही. अपशिंगे गावाच्या नावाला 'मिलिटरी' हा शब्द आडनावासारखा चिकटलेला आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जवान कामी आले, त्यांच्या आठवणीचा स्तंभ गावात उभा आहे. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली निघाली ती साताऱ्यातच. घरात नसला तरी भावकीत एखादा फौजी असतोच. त्यामुळं जवानानं स्वतःच्याच साहेबावर हत्यार उचलल्याची बातमी आली, की पारावरचे लोक मुकाट्यानं पेपरचं पान उलटतात.

२०१७ च्या जुलैत अशी एक बातमी आली होती. काश्मीरमध्ये उरी भागात एका मेजरला जवानानं गोळ्या घातल्या. ड्यूटीवर मोबाइल वापरल्यावरून साहेबांनी हटकलं, असं कारण छापून आलं. आमच्या गल्लीतले तात्या, मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून उतरलेले, त्यांनी पेपरची घडी घातली आणि एवढंच म्हणाले, "नुसत्या मोबाइलवरनं नसंल."

त्या प्रकरणात नेमकं काय घडलं हे ठरवणं माझं काम नाही. पण तात्यांचं वाक्य डोक्यात राहिलं, कारण या विषयावर पन्नास वर्षांत जे संशोधन झालं ते फिरून फिरून तिथंच येतं.

या प्रकाराला इंग्रजीत स्वतंत्र शब्द आहे, फ्रॅगिंग. तो व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैनिकांच्या तोंडी आला. फ्रॅगमेंटेशन ग्रेनेड, म्हणजे फुटून तुकडे उडवणारा हातबॉम्ब, सैनिकांच्या बोलीत नुसता 'फ्रॅग'. त्या काळातला एम-२६ हा हातबॉम्ब जेमतेम अर्ध्या किलोचा. आत खाचा पाडलेल्या पोलादी तारेचं वेटोळं आणि त्याच्या पोटात स्फोटक. फुटला की तारेचे तुकडे चहूकडे उडतात आणि तंबूत झोपलेला माणूस सहसा वाचत नाही.

रायफल हातात असताना हातबॉम्ब कशाला? उत्तर न्यायवैद्यक शास्त्रात आहे. गोळी नळीतून जाताना नळीतल्या आट्यांचे ओरखडे तिच्या अंगावर उठतात, त्यावरून ती कुठल्या रायफलीतून सुटली हे तज्ज्ञ सांगू शकतो. शिवाय रायफल नावावर चढवलेली असते. हातबॉम्ब पेटीतून वाटले जात, आणि फुटल्यावर त्यावर ना ठसा उरे ना नंबर. १९७१ च्या मार्चमध्ये व्हिएतनाममधल्या बिएन होआ तळावर दोन लेफ्टनंट असे मारले गेले. ज्या सैनिकावर खटला चालला त्याच्या खिशात सापडलेली हातबॉम्बची पिन हा त्याच्याविरुद्धचा मोठा पुरावा होता. तो पुरावा टिकला नाही आणि १९७२ मध्ये सैनिक निर्दोष सुटला.

आता आकडे. संशयास्पद प्रकरणं धरून अमेरिकी भूदलात १९६९ मध्ये अशा १२६ घटना नोंदल्या गेल्या, १९७० मध्ये २७१, १९७१ मध्ये ३३३. याच काळात सैन्य माघारी चाललं होतं. १९६९ च्या वसंतात व्हिएतनाममध्ये सव्वापाच लाखांवर अमेरिकी सैनिक होते, १९७१ च्या अखेरीस दीड लाखाच्या आसपास उरले. म्हणजे माणसं घटली, लढाई मंदावली आणि साहेबावरचे हल्ले वाढले. 'युद्धाच्या ताणानं डोकं फिरलं' हे सोपं उत्तर इथंच लंगडं पडतं. ताण हेच कारण असतं तर आलेख उलटा दिसायला हवा होता.

मृत्यूंचा आकडा मात्र उतरत गेला: ३७, मग ३४, मग १२. मला हे या तक्त्यातलं सगळ्यात बोलकं वाटतं. बरेच हल्ले मारण्यासाठी नव्हतेच, दम देण्यासाठी होते. आधी साहेबाच्या खोलीत धुराचा गोळा टाकायचा. साहेब बदलला नाही तर अश्रुधुराचा. त्यानंतर खरा. आपल्याकडं निनावी पत्र टाकतात, तिथं गोळा टाकत होते.

हल्ला करणारे कोण होते? लष्करी मनोविकारतज्ज्ञ थॉमस बाँड यांनी तुरुंगातल्या अशा २८ कैद्यांचा अभ्यास करून १९७६ मध्ये निबंध लिहिला. आपल्याला वाटतं, साहेबानं मरणाच्या तोंडी ढकललं म्हणून पोरं उलटली असतील. तसेही प्रसंग होते. मे १९६९ मध्ये 'हॅम्बर्गर हिल' म्हणून ओळखल्या गेलेल्या टेकडीवर भयंकर रक्तपात झाला, तेव्हा हल्ल्याचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याच्या जिवावर सैनिकांच्या एका चोरट्या पत्रकानं दहा हजार डॉलरचं इनाम लावलं होतं. अधिकारी वाचला. पण बाँड यांच्या कैद्यांतले बहुतेक जण लढणाऱ्या तुकड्यांतले नव्हतेच. ते पिछाडीच्या तळावरचे, सामान, वाहनं, दुरुस्ती असली कामं करणारे. वय विशीच्या आसपास. आणि घटनेच्या वेळी बहुतेक सगळे दारूच्या नाहीतर दुसऱ्या कसल्या नशेत.

पिछाडीलाच का, याचं उत्तर एका जुन्या अभ्यासात आहे, आणि तो शत्रूच्या सैन्यावरचा आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्य सगळं हरत आलं तरी इतकं चिवटपणे का लढलं? एडवर्ड शिल्स आणि मॉरिस जानोविट्झ या समाजशास्त्रज्ञांनी १९४८ मध्ये उत्तर दिलं. मोठ्या विचारधारेपेक्षा एका ताटात जेवणारी आठ-दहा माणसं आणि त्यांना नावानं ओळखणारा नायक, यांनी ते धरून ठेवलं होतं. हा बंध शाबूत असेपर्यंत माणूस पळत नाही, हत्यार टाकत नाही आणि आपल्या माणसावर हात उचलत नाही.

व्हिएतनाममध्ये अमेरिकेनं हाच बंध, अगदी सद्हेतूनं, कापला. कुणावर अन्याय नको म्हणून प्रत्येकाला बारा महिन्यांची मुदत ठरवून दिली. पलटण एकत्र गेली नाही, एकत्र परतली नाही. माणूस एकटा विमानातून उतरायचा, अनोळखी तुकडीत जायचा आणि दिवस मोजत बसायचा. लढणाऱ्या तुकड्यांचे अधिकारी तर साधारण सहा महिन्यांत बदलायचे. पोरांच्या लेखी नवा साहेब हा चेहरा नव्हता, नुसता हुद्दा होता. रानात निदान गोळीबार सुरू झाला की एकमेकांची गरज लागते. तळावर तीही लागत नव्हती. तिथं उरलं होतं बूट पॉलिश, हजेरी, कंटाळा, गांजा आणि आपल्याला कधीही तुरुंगात टाकू शकणारा एक अनोळखी माणूस. त्यात काळे-गोरे तेढ होती, ती मार्टिन लूथर किंग यांच्या १९६८ मधल्या हत्येनंतर आणखी पेटली.

इथं एक फरक करायला हवा. ३१ जुलै १८५७ ला आमच्या शेजारच्या कोल्हापुरात २७ व्या मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीचे शिपाई उठले, तेव्हा त्यांचे तीन गोरे अधिकारी मारले गेले. ते बंड होतं. त्यामागं राज्य गेल्याचा राग होता. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात साताऱ्याच्या गेंडामाळावर १७ जणांना मृत्युदंड मिळाला तोही उठावाच्याच कटासाठी. शनिवारवाड्यात १७७३ मध्ये गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारलं, तो घरचा कट आणि भाड्याची तलवार. फ्रॅगिंगमध्ये यातलं काही नसतं. ना मागणी, ना झेंडा, ना सुपारी. एक माणूस, एक साहेब आणि मनात साचलेली एक गोष्ट.

ती गोष्ट बहुधा अपमानाची असते, आणि चारचौघांतल्या अपमानाची. मिशिगन विद्यापीठात डोव्ह कोहेन, रिचर्ड निस्बेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये एक प्रयोग छापला. विद्यार्थी बोळातून चालला असताना एक जण त्याला मुद्दाम खांदा मारून शिवी हासडायचा. आधी आणि नंतर लाळेचे नमुने घेतले. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या पोरांवर फारसा फरक पडला नाही. दक्षिणेकडच्या, म्हणजे जिथं इभ्रतीला फार जपतात तिथल्या पोरांच्या लाळेत कॉर्टिसोल आणि टेस्टोस्टेरॉन ही दोन्ही संप्रेरकं चढली. शिवी तीच, खांदा तोच. अंगात काय उसळतं ते माणूस कुठल्या गावचा यावर ठरलं. हे वाचून मला आमचाच जिल्हा आठवला. बांधावरून चाललेल्या भांडणात जमीन वीतभर असते. बाकी सगळं 'लोकांसमोर बोलला' हेच असतं.

त्यात झोप नसली तर? २००७ मधल्या एका प्रयोगात सुमारे ३५ तास जागं ठेवलेल्या माणसांना त्रासदायक चित्रं दाखवून मेंदूची छायाचित्रं घेतली. भीती आणि रागाशी संबंधित अमिग्डाला नावाची बदामाएवढी गाठ, झोपलेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्के जास्त भडकली. कपाळामागच्या मेंदूचा तिच्यावरचा लगामही सैल पडलेला दिसला. हाच लगाम विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत नाही. बाँड यांच्या कैद्यांचं वय पुन्हा आठवा. मात्र मेंदूचा रंगीत फोटो दिसला की कारण सापडल्यासारखं वाटतं, त्या मोहात फार पडू नये. अपुऱ्या झोपेचे जवान जगातल्या प्रत्येक सीमेवर लाखोंनी उभे आहेत. त्यातला एखादाच उलटतो. लगाम सैल होणं वेगळं आणि कुणावर धावायचं हे आधी ठरलेलं असणं वेगळं.

ते ठरतं कसं, याची दोन हजार वर्षांपूर्वीची नोंद आहे. इसवी सन १४ मध्ये पॅनोनिया प्रांतातल्या रोमन पलटणी बिथरल्या. लुसिलियस नावाचा एक सेंच्युरियन, म्हणजे शिपायांच्या तुकडीवरचा अधिकारी, त्यांनी ठार केला. रोमन सेंच्युरियनच्या हातात हुद्द्याची खूण म्हणून द्राक्षवेलीची छडी असे. (तासगावकडच्या वाचकांना काडीचा हा उपयोग नवा असेल.) लुसिलियस शिपायाच्या पाठीवर ती मोडेपर्यंत मारायचा आणि मग ओरडायचा, "दुसरी आण!" शिपायांनी त्याचं नावच 'दुसरी आण' ठेवलं होतं, असं रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो. बाकीच्या सेंच्युरियननाही शिपायांनी हुसकलं, पण मारायला निवडला तो हा. साहेबाला टोपणनाव सगळीकडं पडतं. त्या नावात हसू आहे की विष, एवढं कान देऊन ऐकलं तरी पुढचं बरंच कळतं.

याच्या उलट उदाहरण पहिल्या महायुद्धातल्या, १९१७ च्या फ्रान्सचं. फ्रेंच सैन्याच्या जवळजवळ निम्म्या डिव्हिजनांत शिपायांनी पुढं जायला नकार दिला. एवढं मोठं प्रकरण, पण अधिकारी मारले गेल्याचं जवळपास आढळत नाही. खंदक आम्ही राखतो, पण या खुळ्या चढायांत मरणार नाही आणि आम्हाला घरी सोडा, असं ते सांगत होते. जनरल पेताँ यांनी काहींना गोळ्या घातल्या, हे खरंच. पण चढाया थांबवल्या, जेवण सुधारलं आणि दर चार महिन्यांनी सात दिवस रजा पक्की केली. सैन्य परत उभं राहिलं.

रजा हा शब्द काढला तेव्हा तात्या उठून आत गेले आणि एक वही घेऊन आले. कापडी पाठीची, कडा कुरतडलेली. प्लाटूनचे जेसीओ, म्हणजे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर, असताना ठेवलेली. एका पानाला एक जवान. वर नाव, नंबर, गाव, तालुका. खाली तात्यांचं बारीक अक्षर: 'वडील दमा. बहीण लग्नाची. चुलत्याशी बांधाचा दावा, कोर्ट कराड.' त्याखाली रजेच्या तारखा.

सुभेदार ही भारतीय सैन्याची जुनी सोय आहे. शिपाई आणि साहेब यांच्यामध्ये शिपायातूनच वर आलेला, त्याची बोली बोलणारा माणूस. अमेरिकी सैन्यात नेमकी या जागेची पायरी नाही. आणि बांधाच्या दाव्याची ती नोंद उगाच नव्हती. जवान सीमेवर अडकला असताना त्याच्या माघारी दावा निकाली निघू नये, म्हणून सैनिकांच्या दाव्यांसाठी १९२५ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. इंग्रजालाही कळलं होतं की शिपायाचं अर्ध मन सातबाऱ्यावर असतं.

"वर्षाला ६० दिवस मोठी रजा, ३० किरकोळ," तात्या म्हणाले. "कागदावर. पण एकाला मिळाली, दुसऱ्याला नाही, की दुसरा दिवस मोजत नाही. तो पहिल्याचं तोंड बघत बसतो." सॅम्युएल स्टाउफर यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सैनिकांच्या पाहणीत हेच मांडलं होतं. बढत्या भराभर होणाऱ्या विमानदलात बढतीवरून कुरकुर जास्त, रखडत होणाऱ्या लष्करी पोलिसांत कमी. माणूस आपलं ताट शेजारच्या ताटाला लावून मोजतो.

मी वहीचं एक पान धरून विचारलं, याचं काय झालं. तिथं रजेची तारीख दोनदा खोडली होती.

"त्याचा अर्ज दोनदा माघारी आला. साहेब नवा होता, वाईट नव्हता. हा गडी लंगरमध्ये शेवटी एकटा जेवाय लागला. बोलायचा बंद झाला. साहेबांचं नाव निघालं की उठून जायचा." तात्या थांबले. "मग मी त्याला संत्रीच्या पहाऱ्यावरनं काढला आणि लंगरवर लावला. कांदे चिरायला. रायफल कोतात, हत्यारांच्या खोलीत, जमा. कुणाला काय बोललो नाही. आणि अर्ज घेऊन स्वतः साहेबांकडं गेलो."

पानाच्या तळाशी लिहिलं होतं: 'रजा २० दिवस. हजर, दोन दिवस आधी.'

"साहेबांना सांगितलं का, त्याच्या मनात काय होतं ते?"

"काय सांगायचं? रजा पायजे होती, मिळाली." त्यांनी वही मिटली आणि आत चहा सांगितला.