मासा टिकतो की नासतो, हे जाळ्यातच ठरू लागते

एकाच पाण्यातले, एकाच जातीचे दोन मासे घेतले, त्यांपैकी एक पिंजऱ्यातून जिवंत काढलेला आणि दुसरा रात्रभर जाळ्यात अडकून पहाटे कधीतरी मेलेला असला, तर दोघांना सारखेच मीठ लावूनही ते सारखे टिकत नाहीत. घरगुती पद्धतीने मासे खारवणारे बहुतेक जण याचा दोष मिठाला किंवा हवेला देतात. दोष बहुधा त्याआधीच्या काही तासांत असतो.

माशाच्या स्नायूंत ग्लायकोजेन नावाची साठवलेली साखर असते. मासा मेल्यावरही काही काळ तिच्यापासून ऊर्जा मिळत राहते. ती संपली की अंग ताठते आणि पुढे तो ताठरपणा सुटून मांस सैल पडते. जाळ्यात तासन्‌तास झटापट केलेल्या माशाची ही शिल्लक जिवंतपणीच खर्ची पडलेली असते, त्यामुळे तो लवकर ताठतो आणि लवकर सैल पडतो. शिवाय जाळ्यात मेलेला मासा कोमट पाण्यात पडून राहिला, तर नासण्याची क्रिया तिथेच सुरू होते.

या दृष्टीने पाहिले तर निमुळत्या तोंडाचा वेताचा किंवा कामट्यांचा पिंजरा ही फार हुशारीची वस्तू आहे. त्याचे तोंड बाहेर रुंद असते आणि आत जाताना नरसाळ्यासारखे अरुंद होत पोकळीच्या मधोमध उघडते. मासा भिंतीच्या कडेकडेने पुढे सरकत आत शिरतो. आत गेल्यावरही तो भिंतीलगतच फिरत राहतो आणि मधोमध लटकणारे ते लहानसे भोक त्याला सापडत नाही. ना धारदार काटा, ना गळ्याभोवती फास. मासा पोहत राहतो, आणि नको असलेला किंवा फार लहान मासा परत पाण्यात सोडता येतो.

कल्ल्यांत अडकवणाऱ्या जाळ्याचे गणित वेगळे आहे. तिथे जाळ्याच्या घरापेक्षा बारीक मासा पार निघून जातो, फार मोठ्याचे डोके आत शिरतच नाही, आणि मधल्या मापाच्या माशाच्या कल्ल्यांमागे दोरा रुततो. हे तंत्र फार जुने आहे. फिनलंड-रशिया सीमेवरच्या कारेलिया प्रदेशातील अँट्रिया येथे १९१३ साली सापडलेले, विलो झाडाच्या सालीच्या तंतूंचे जाळे दहा हजार वर्षांहून जुने असून त्याची घरे सुमारे ६ सेंटिमीटरची आहेत; म्हणजे कोणता मासा हवा, हे ते विणणाऱ्याने आधीच ठरवले होते. वनस्पतींचा विषारी रस पाण्यात कालवून मासे धरण्याची रीतही जुनीच, परंतु ती निवड मुळीच करत नाही आणि पिल्लांसकट सारे मारते, म्हणून तिचे कौतुक करण्याचे कारण नाही.

मासा हाती आल्यावर पहिली लढाई उष्णतेशी असते. बांगडा, ट्यूना यांसारख्या माशांच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असते; मासा उबेत राहिला तर जीवाणू त्याचे विषबाधा करणारे हिस्टामीन बनवतात, आणि एकदा तयार झालेले हिस्टामीन शिजवल्याने, खारवल्याने किंवा धुरी दिल्याने जात नाही. म्हणून उन्हात तासभर विसरलेला मासा ‘मीठ लावून वाचवू’ असे म्हणणे ही स्वतःचीच फसवणूक आहे.

आता मिठाकडे. पाठीच्या काट्यालगत चिरून उघडलेल्या माशाला खडे मीठ चोळून ठेवले की थोड्याच वेळात त्याच्याभोवती पाणी सुटू लागते आणि अर्धपारदर्शक मांस कडेपासून आत पांढुरके, अपारदर्शक होत जाते. मीठ केवळ पाणी बाहेर खेचते असे नाही; जे पाणी आत उरते तेही ते बांधून ठेवते. जीवाणूंना उपयोगी पडेल असे मोकळे पाणी किती, याच्या मापाला जलसक्रियता म्हणतात. ऑस्ट्रेलियातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विल्यम स्कॉट यांनी १९५३ साली स्टॅफिलोकॉकस या अन्न विषारी करणाऱ्या जीवाणूवर केलेल्या कामातून तिचे महत्त्व स्पष्ट झाले. शुद्ध पाण्याची जलसक्रियता १ धरली तर ताज्या माशाची सुमारे ०.९९ असते, स्टॅफिलोकॉकसची वाढ ०.८५ च्या आसपास थांबते आणि संपृक्त मिठवणीची, म्हणजे आणखी मीठ विरघळणार नाही अशा खाऱ्या पाण्याची, सुमारे ०.७५ भरते.

संपृक्त मिठवणीत वजनाने सुमारे २६ टक्के मीठ असते. घरोघरी तिची परीक्षा अंडे तरंगवून करतात, पण ताजे अंडे १० टक्क्यांच्या आसपासच तरंगू लागते. तेव्हा अंडे तरंगले म्हणजे मिठवणी पुरेशी कडक झाली, असे होत नाही. त्यातच माशातून सुटणारे पाणी तिला आणखी पातळ करते. खात्रीचा उपाय साधा आहे: तळाशी न विरघळलेले मीठ शेवटपर्यंत दिसत राहिले पाहिजे.

सुकवण्यातही तेच तत्त्व आहे, फक्त तिथे पाणी हवेत जाते. घाई केली तर इथे नुकसान होते. कडक उन्हात पृष्ठभाग चटकन वाळून त्याचे कवच बनते, आतला ओलावा अडकतो, आणि बाहेरून खडखडीत दिसणारा मासा काट्यालगत कुजतो. चरबीदार माशाची अडचण निराळी. त्याचे तेल हवेतील प्राणवायूने खवट होते, म्हणून तो उघड्यावर सुकवण्यापेक्षा मिठवणीत बुडवून ठेवणे बरे. धुरातील फिनॉलवर्गीय द्रव्ये हा खवटपणा रोखतात, मात्र हलकी धुरी ही चव असते, टिकवण नव्हे.

सर्वांत धोकादायक चूक म्हणजे आतडी न काढता मासा खारवणे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवघेणे विष बनवणाऱ्या जीवाणूचे बीजाणू पाण्याच्या तळच्या गाळात असतात आणि माशाच्या आतड्यांत जातात. मीठ बाहेरून आत झिरपेपर्यंत पोटाच्या प्राणवायूविरहित पोकळीत त्यांना वाढायला वेळ मिळतो. इजिप्तमध्ये १९९१ साली फेसीख या न चिरता खारवलेल्या माशामुळे ९१ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि त्यांपैकी १८ जण दगावले. या जीवाणूचे विष उकळण्याने नष्ट होते, पण असा मासा न शिजवताच खाल्ला जातो.