गंज कुठे लागणार हे गाडी बनली तेव्हाच ठरलं होतं : जुन्या फोर बाय फोरची पार्श्वभूमी

जुनी, गंजलेली फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी गाडी, घ्यायची आणि लांबच्या खडतर प्रवासासाठी परत उभी करायची, ही हौस आता खूप जणांना लागलीये आणि त्यातले बहुतेक जण पहिले बॉनेट उघडून इंजिन बघतात. मी म्हणेन आधी गाडीचा जन्म बघा. ती कुठल्या काळात बनली, तेव्हा लोखंड मिळत होतं का, रंग कसा द्यायचे, यावरच ठरतं की आज सत्तर वर्षांनी पत्रा कुठून फाटणार आहे.

सुरुवात अर्थातच जीपपासून. जुलै १९४० मध्ये अमेरिकन सैन्याने १३५ कंपन्यांना विचारलं की आम्हाला हलकी, चारही चाकांना ताकद देणारी गाडी पाहिजे आणि नमुना ४९ दिवसांत पाहिजे. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने २३ सप्टेंबरला तो आणून उभा केला, पण मोठं उत्पादन गेलं विलिस आणि फोर्डकडे आणि युद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर गाड्या बनल्या. एवढ्या घाईत, युद्धासाठी बनवलेली गाडी चाळीस वर्षांनी कशी दिसेल याचा विचार कोण करणार होतं. युद्धानंतर उरलेल्या जीपा शेतकऱ्यांकडे गेल्या, चिखलात राबल्या, उघड्यावर पावसात उभ्या राहिल्या.

त्यातलीच एक जीप इंग्लंडच्या रोव्हर कंपनीचे मुख्य इंजिनिअर मॉरिस विल्क्स त्यांच्या वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या शेतावर वापरायचे, आणि ही झिजली की पुढे काय, या प्रश्नातून लँड रोव्हर आली. १९४७ मध्ये पहिला नमुना चक्क जीपच्या चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, बांधला आणि ३० एप्रिल १९४८ ला अॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात गाडी लोकांसमोर आली. आता इथे जरा थांबू, कारण गंजाची खरी गोष्ट इथेच आहे. युद्धानंतर ब्रिटनमध्ये स्टील रेशनवर होतं, अॅल्युमिनियम मात्र विमानांच्या कारखान्यांमुळे मिळत होतं, म्हणून बॉडीचे बरेच पत्रे बर्माब्राइट नावाच्या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले. चासी मात्र स्टीलचीच, आणि मोठे महागडे प्रेस नको म्हणून सपाट पट्ट्या कापून, चार बाजूंनी वेल्ड करून तिच्या पेट्या बनवल्या. मजबूत झाली, यात वाद नाही. पण बंद पेटी म्हणजे आत चिखल आणि पाणी शिरलं की सहज बाहेर येत नाही, आणि आतल्या बाजूला रंग नीट पोचलेलाच नाही, त्यामुळे ती आतून बाहेर कुजते. वरून छान काळी दिसणारी चासी हातोडीने ठोकून बघा, निरोगी जागी खणखणीत आवाज येतो आणि कुजलेल्या जागी भद्द, मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा पोटात गोळा आला होता.

अॅल्युमिनियमला गंज लागत नाही म्हणून ही बॉडी कायम टिकते असंही लोक समजतात. लाल गंज लागत नाही हे खरं, पण स्टीलला टेकलेल्या जागी ओल आली की दोन धातूंमध्ये बॅटरीसारखीच क्रिया चालू होते आणि त्यात अॅल्युमिनियम खाल्लं जातं, पांढरी भुकटी पडते. दरवाज्यांच्या स्टीलच्या चौकटींवर, बल्कहेडजवळच्या (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या भिंतीजवळच्या) सांध्यांवर हमखास हे दिसतं. आणि मला सगळ्यात हळहळ वाटते ती याची, की सुरुवातीच्या मोजक्या प्री-प्रॉडक्शन, म्हणजे नियमित उत्पादनाआधीच्या, गाड्यांना जस्ताचा मुलामा दिलेली, म्हणजे गॅल्वनाइज केलेली चासी होती, नियमित उत्पादनात ती गेली आणि रंग आला. आज लोक त्याच गाड्यांना नवीन गॅल्वनाइज्ड चासी लावतायत.

जपानमध्ये टोयोटाने १९५१ मध्ये बीजे ही गाडी बनवली, ती फुजी पर्वताच्या सहाव्या टप्प्यापर्यंत चढवून दाखवली, १९५४ मध्ये तिला लँड क्रूझर नाव मिळालं आणि १९६० मध्ये चाळीस सिरीज आली. यांत्रिक बाजू दणकट पण बॉडी सगळी स्टीलची, म्हणून चासी धडधाकट आणि फ्लोअर, मागचे कोपरे, काचेखालची पट्टी चाळण झालेली अशा चाळीस सिरीज खूप दिसतात. लँड रोव्हरच्या बरोब्बर उलटं.

मग नंतरच्या गाड्या कमी का गंजतात? कारण रंगाची पद्धतच बदलली. पूर्वी प्रायमर फवारायचे आणि फवारा पेटीच्या आत जात नाही. १९६० च्या दशकात फोर्डने अख्खी बॉडी रंगाच्या टाकीत बुडवून, वीज सोडून रंग चिकटवायची पद्धत आणली, आणि १९७० च्या दशकात तिची सुधारलेली, गंजाला जास्त दाद न देणारी आवृत्ती आली. वीज लावली की रंग कोपऱ्यांत, सांध्यांच्या आतही जाऊन बसतो. त्याआधीच्या गाडीला हे संरक्षण कधी मिळालंच नाही, म्हणून तिला बाहेरून कितीही झगमगीत रंग मारला तरी मूळ दुखणं तसंच राहतं.

आता प्रवासाची बाजू. अशा लांबच्या, खडतर रस्त्याच्या प्रवासाला ओव्हरलँडिंग म्हणतात, आणि ओव्हरलँडर हा शब्द एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियात गुरांचे कळप शेकडो मैल हाकत नेणाऱ्यांसाठी वापरायचे. मोटारीच्या मोठ्या मोहिमा जीपच्याही आधीच्या, सित्रोएन या फ्रेंच कंपनीच्या, मागे रणगाड्यासारखे पट्टे असलेल्या गाड्यांनी १९२४-२५ मध्ये आफ्रिका पार केली. पण साध्या माणसाला वाटलं आपणही जाऊ शकतो, ते माझ्या मते १९५५ नंतर. त्या वर्षी १ सप्टेंबरला ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठांतले सहा तरुण दोन लँड रोव्हर घेऊन लंडनहून निघाले आणि मार्च १९५६ मध्ये सिंगापूरला पोचले, वाटेत आसाममधून ब्रह्मदेशात उतरणारा युद्धकाळातला रस्ता लागला तो रान माजून मोडकळीला आलेला. पुढे १९७९ मध्ये इराणची क्रांती आणि अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा आल्यावर युरोप-आशिया रस्ता बहुतेकांसाठी बंदच झाला.

त्या दोन गाड्यांतली ऑक्सफर्ड नावाची गाडी पुढे फिरत फिरत दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर गेली आणि तिथे खाऱ्या हवेत अनेक वर्षं पडली. २०१७ मध्ये तिला परत इंग्लंडला आणलं, दुरुस्त केलं, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती सिंगापूरहून उलट्या दिशेने निघून डिसेंबरात लंडनला पोचली, बरोबर मूळ मोहिमेतल्या एका सदस्याचा नातू होता. समुद्राच्या मिठाने खाल्लेली साठ वर्षांवरची गाडी परत अर्धं जग ओलांडते, हे वाचून मला अजून भरून येतं.

आणि इथेच प्रदर्शनासाठी गाडी करणं आणि प्रवासासाठी करणं यात फरक पडतो. खडबडीत रस्त्यावर, विशेषतः पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा पडलेल्या मातीच्या रस्त्यावर, सगळा मार लीफ स्प्रिंगच्या हँगरना (स्प्रिंग चासीला धरून ठेवणाऱ्या भागांना), शॉकअपच्या ब्रॅकेटना आणि स्टिअरिंग बॉक्स बसतो त्या जागेला लागतो, आणि चासी कुजलेली असेल तर नेमकी तिथेच फाटते. त्यामुळे दरवाज्याचा पोचा राहिला तरी चालेल, हँगरभोवतीचा पत्रा नको राहायला. पुटी भरून वर रंग मारणं तर अजिबात नको, कुजलेलं कापून चांगलं लोखंड लागेपर्यंत मागे यायचं आणि त्याच जाडीचा पत्रा वेल्ड करायचा, एकावर एक ठिगळ लावलं की मध्ये पाणी अडकतं आणि सगळं पहिल्यापासून सुरू. छोटी मिग (तार आपोआप पुढे सरकवणारी विजेची) वेल्डिंग मशीन घरोघरी परवडायला लागली तेव्हापासून हे काम हौशी माणसाच्या हातात आलं, आधी गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा वाकडा व्हायचा.

वेल्डिंग थंड झाल्यावर पेटीत बारीक नळी घालून आतून मेण फवारायचं, आणि खालची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करून ठेवायची. ती भोकं कारखान्यानेच दिलेली असतात, बहुतेक जुन्या गाड्यांत चिखलाने बुजलेली सापडतात.