फॅशियाची ‘गाठ’ दाबून फुटत नाही

ठाण्यात मासुंदा तलावाकाठी चालायला येणाऱ्यांत एक समज पक्का बसलाय: मांडीतल्या फॅशियाच्या गाठी होतात आणि त्या जोर लावून फोडाव्याच लागतात. गेल्या महिन्यात कोपरीहून शिवणकाम करणाऱ्या एक ताई माझ्याकडे आल्या. मांडीच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा काळानिळा डाग. गाठी फोडायला रोज दात-ओठ खाऊन फोम रोलरवर, म्हणजे मालिशसाठीच्या फोमच्या नळकांड्यावर, लोळत होत्या. फार वाईट वाटलं.

फॅशिया म्हणजे स्नायूंना वेढणारं चिवट आवरण. मटण साफ करताना दिसतो ना, तो पांढरट पापुद्रा. मांडीतला तर इतका चिवट, की २००८ मध्ये गणिती मॉडेलने तपासलं तेव्हा तो १ टक्का दाबायलाही माणसाच्या हाताला न झेपणारा जोर लागेल, असं दिसलं.

मग मालिशनंतर मोकळं का वाटतं? बहुधा मज्जातंतूंमुळे. फॅशियात त्यांचं दाट जाळं असतं. स्पर्श झाला की दुखण्याची जाणीव काही वेळ मंदावते. त्यासाठी डाग पडेपर्यंत रगडायची गरज नाही.

ताईंचं शिलाई मशीन बघितलं. स्टूल बुटकं, पॅडल लांब. दिवसभर पाय ताणून बसायच्या. स्टूलवर जाड उशी घातली, पॅडल जवळ घेतलं, दर अर्ध्या तासाने उठायला सांगितलं. रोलर आता माळ्यावर आहे.