पटावरून काढलेली नावं

समुद्री वादळांसाठी नावं द्यायची होती तेव्हा थायलंडने त्यात 'हनुमान' हेही नाव घातलं होतं. वायुपुत्रच तो, सुचलं यात नवल नाही. शिवाय तिकडच्या रामायणातला, म्हणजे 'रामकियन'मधला हनुमान ब्रह्मचारी नाही, चांगला रंगेल गडी आहे. त्यामुळे थाई मंडळींना त्यात काही वावगं वाटलं नसावं. भारताच्या हवामान खात्याने मात्र धार्मिक कारणावरून हरकत घेतली आणि एकाही वादळाच्या वाट्याला जायच्या आत ते नाव मागे घेतलं गेलं. बरंच झालं म्हणायचं. 'हनुमानाचे शंभर बळी' असा मथळा आपल्याकडे कुठल्या संपादकाने छापला असता? त्याच्या जागी थायलंडने 'मोराकोत' दिलं. थाई उच्चार जरा बाजूला केला की आतून आपला मरकत निघतो, पाचू. कुणाच्या भावना दुखावणार नाहीत असं नाव.

हे नाव ज्या यादीत गेलं ती शाळेच्या हजेरीपटासारखी चालते. फिलिपिन्स, जपान, चीन, व्हिएतनाम यांच्या पुढ्यातला पश्चिम प्रशांत महासागर हा जगातला सगळ्यात वादळी समुद्र. वर्षाला सरासरी पंचवीस वादळं तिथे नाव मिळण्याइतकी मोठी होतात. तिथल्या टायफून समितीच्या १४ सदस्यांनी प्रत्येकी १० नावं दिली, १४० झाली आणि १ जानेवारी २००० पासून हा पट लागू झाला. त्यात पाच रकाने आहेत. क्रम सदस्यांच्या इंग्रजी नावांच्या मुळाक्षरांप्रमाणे, म्हणून कंबोडिया पहिला आणि व्हिएतनाम शेवटचा. सगळ्यात पहिलं नाव 'दामरे', म्हणजे ख्मेर भाषेत हत्ती. नवं वर्ष लागलं तरी हजेरी पहिल्यापासून सुरू होत नाही, डिसेंबरात थांबली तिथून पुढे चालते. १४० संपली की पुन्हा वरून. म्हणजे एक नाव साधारण पाच-सहा वर्षांनी परत पुकारलं जातं.

पुकारणारे टोकियोत बसतात. या समुद्राची अधिकृत जबाबदारी जपानच्या हवामान संस्थेकडे आहे. वाऱ्याच्या वेगाची दहा मिनिटांची सरासरी ३४ नॉट, म्हणजे ताशी ६३ किलोमीटरच्या आसपास गेली की पटावरचं पुढचं नाव त्या वादळाला लागतं. गंमत म्हणजे खुद्द जपानी माणूस ही नावं फारशी वापरत नाही. त्याच्या बातम्यांत वादळ असतं 'यंदाचं १९ नंबरचं'. फारच मोठा उत्पात झाला तर सरकार त्याला खास जपानी नाव देतं. १९५९ च्या ज्या वादळाला अमेरिकनांनी 'व्हेरा' म्हटलं आणि ज्यात पाच हजारांच्या आसपास माणसं गेली, ते जपानच्या आठवणीत इसे आखाताचं वादळ म्हणून आहे.

व्हेरा कशी आली? २००० पूर्वी नावं ठेवायचं काम अमेरिकी लष्करी हवामानतज्ज्ञांकडे होतं. १९४५ पासून ते वादळांना बायकांची नावं देत. पुरुषांचा नंबर लागला १९७९ साली. त्याच वर्षी 'टिप' नावाचं जे वादळ आलं त्याच्या केंद्रातला हवेचा दाब ८७० हेक्टोपास्कलपर्यंत उतरला होता, आणि समुद्रसपाटीवरचा तो नीचांक अजून मोडलेला नाही.

नवा पट आला आणि बायका-पुरुष जाऊन त्या जागी झाडं, पाखरं, फळं, देव, डोंगर आले. जपानने तारकासमूहांची नावं दिली: ससा, बकरी, सरडा. दक्षिण कोरियाने मुंगी, गुलाब, फुलपाखरू अशी गरीब स्वभावाची नावं दिली, नावासारखं वादळही सौम्य वागेल या आशेने. २००५ साली फुलपाखराने (नाबी) जपानच्या क्युशू बेटाची दैना केली, आणि त्याचं नाव पटावरून गेलं. उत्तर कोरियाचा सिकाडा किडा (माएमी) तर २००३ मध्ये नेमका दक्षिण कोरियावर आदळला. बुसान बंदरातल्या अजस्र क्रेन त्याने आडव्या केल्या. त्याच्या जागी इंद्रधनुष्य (मुजिगे) आलं, तेही २०१५ च्या तडाख्यानंतर गेलं.

नाव का काढायचं? पट फिरता आहे, हे त्याचं खरं कारण. ज्या नावाने घरातली माणसं नेली तेच नाव पाच वर्षांनी रेडिओवरून पुन्हा 'सावधान' म्हणत कानावर आदळणं सोसवत नाही. त्यात व्यवहाराचाही भाग आहे: विम्याच्या दाव्यात आणि संशोधनाच्या कागदात कुठल्या वर्षाचं वादळ, हा घोळ नको. समितीच्या वार्षिक बैठकीत पोळलेला सदस्य विनंती करतो, नाव कमी होतं, आणि ज्याचं नाव गेलं तो देश नवी नावं सुचवतो. नवं नाव छोटं हवं, इंग्रजीत नऊ अक्षरांच्या आतलं. शेजाऱ्याच्या भाषेत त्याचा भलता अर्थ निघता कामा नये.

क्रिकेटमध्ये तेंडुलकरची १० नंबरची जर्सी निवृत्त झाली तो सन्मान होता. इथली निवृत्ती बरोबर उलट्या कारणाने होते. चीनने दिलेलं 'हैयान' हे पेट्रेल या समुद्रपक्ष्याचं नाव. ते २००१ मध्ये एकदा आणि २००७ मध्ये एकदा वापरून झालं, कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. तिसऱ्यांदा पुकारलं गेलं २०१३ च्या नोव्हेंबरात. ८ तारखेला ते वादळ मध्य फिलिपिन्सवर चढलं आणि सरकारी आकड्याप्रमाणे ६,३०० माणसं मेली. टाक्लोबान शहराकडे हा शब्द घेऊन गेलात तर मात्र तिथे कुणी 'हैयान' म्हणणार नाही. ते म्हणतात 'योलांडा'.

फिलिपिन्सचा पट वेगळा आहे. तिथल्या हवामान संस्थेचं नाव पागासा. टागालोग भाषेत 'पाग-आसा' म्हणजे आशा, आणि वर्षाला वीसेक वादळं झेलणाऱ्या देशात हे नाव शोभतं. १९६३ पासून पागासा आपल्या हद्दीत शिरणाऱ्या प्रत्येक वादळाला घरचं नाव देते, कारण लांबच्या भाषेतल्या शब्दापेक्षा ओळखीचं नाव कोळ्याच्या आणि शेतकऱ्याच्या डोक्यात चटकन बसतं. टोकियोने नाव दिलेलं नसलं, नुसता कमी दाबाचा खोल पट्टा असला तरी ती देते. दरवर्षीची यादी वेगळी, चार वर्षांनी तीच परत. तीनशे बळी किंवा एक अब्ज पेसोंचं नुकसान झालं की नाव बाद. हा नियम निदान स्पष्ट तरी आहे, समितीकडे असा ठोकताळा नाही. राजकारणही अधूनमधून डोकावतं. २०१५ च्या यादीत 'नोनोय' होतं. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष आकिनो यांना लोक 'नोयनोय' म्हणत, म्हणून त्याचं 'नोना' केलं. नोनाने इतकं नुकसान केलं की पुढे तीही बाद झाली.

पण चांगलं नाव असून भागत नाही. योलांडाचं नाव, तिची वाट, तिचा वेग सगळं लोकांना आधी ठाऊक होतं. इशाऱ्यात 'स्टॉर्म सर्ज' हा शब्दही होता. वादळाने ढकलत आणलेला समुद्र म्हणजे नेमकं काय, हे त्या इंग्रजी शब्दातून पुष्कळांना उमगलं नाही. पाणी पाच-सहा मीटर चढलं. 'त्सुनामी म्हणाला असता तर पळालो असतो', असं वाचलेली माणसं नंतर सांगत राहिली. माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे. वादळाच्या नावावर समित्या बसतात, आणि माणूस मरतो तो मजकुरातल्या दुसऱ्याच एका शब्दामुळे.

आपल्या समुद्रात ही बाद करण्याची भानगड नाही. अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरासाठी १३ देशांनी २०२० मध्ये १६९ नावं दिली, दिल्लीहून ती पुकारली जातात, पण प्रत्येक नाव एकदाच. त्या यादीतलं पहिलंच नाव बांगलादेशचं, 'निसर्ग', आणि ते ३ जून २०२० ला अलिबाग-श्रीवर्धनच्या बाजूला आलं. आडव्या झालेल्या पोफळीच्या बागा उभ्या करायला वर्षं लागतात. तिकडच्या माणसाला ते नाव पुन्हा ऐकावं लागणार नाही, आणि त्यासाठी कुणाला अर्जही करावा लागला नाही. ही पद्धत मला जास्त शहाणपणाची वाटते. कधीकधी तिकडचं वादळ इकडे येतं तेव्हा मात्र तिकडचंच नाव घेऊन येतं. २०१९ च्या जानेवारीत 'पाबुक' (लाओसमधला एक प्रचंड मासा) थायलंड ओलांडून अंदमानच्या समुद्रात उतरलं, तेव्हा दिल्लीनेही त्याला पाबुकच म्हटलं.

सगळीच नावं हजारो बळींमुळे जातात असं नाही. २००१ च्या डिसेंबरात मकावचं 'वामेई', एक गाणारा पक्षी, सिंगापूरजवळ विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर वादळ बनलं. हवेला गरगर फिरवणारा पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम विषुववृत्तावर शून्य असतो, त्याच्या इतक्या जवळ चक्रीवादळ होत नाही असं पुस्तकांत शिकवत. मलेशियाच्या जोहोर राज्याला त्याने पुराने भिजवलं, बळी थोडे होते, तरी नाव पटावर परत आलं नाही.

थायलंडचा रकाना मात्र मी पुन:पुन्हा वाचतो. त्यात फळांची एक परंपराच आहे. दुरियन २००६ मध्ये गेलं, त्याच्या जागी मांगखुत आलं, म्हणजे मँगोस्टीन, आपल्या कोकमाचं भावंड. ते २०१८ मध्ये गेलं, मग आलेलं क्राथॉन हे फळही २०२४ नंतर बाद झालं. बाकी सगळीकडे आपलीच माणसं भेटतात. 'विफा' म्हणजे विभा. 'प्रापिरून'मध्ये वरुण आहे. 'मेक्खला' ही हातातलं रत्न चमकवणारी मेखला, तीच वीज. तिच्यामागे कुऱ्हाड घेऊन धावतो तो 'रामासून', आणि त्याने फेकलेल्या कुऱ्हाडीचा आवाज म्हणजे गडगडाट. रामासून २०१४ मध्ये बाद झाला, मेखला सुटली.

आणि तो मरकत? २००३ मध्ये मोराकोत पहिल्यांदा आलं आणि गेलं. २००९ च्या ऑगस्टमध्ये दुसऱ्यांदा आलं ते तैवानवर रेंगाळलं. अलिशानच्या डोंगरात त्या काही दिवसांत २,७०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. मुंबईत एवढा अख्ख्या पावसाळ्यातही सहसा पडत नाही. श्याओलिन गावावर डोंगर उतरला आणि एका गावातली चारशेहून जास्त माणसं गाडली गेली. हनुमानाच्या जागी आलेलं नाव असं गेलं. थायलंडने या वेळी 'अत्सनी' दिलं. संस्कृतात ती अशनि, वज्र, आकाशातून कोसळणारी वीज. २०१५ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२० च्या नोव्हेंबरात ती येऊन गेली, फार काही न करता. पटावर ती अजून आहे.