चिऱ्याची भिंत, सिमेंटचा गिलावा आणि मीठ

पणजीच्या मळा, सांतोमे या जुन्या वाड्यांत किंवा मडगाव-म्हापशाच्या जुन्या पेठेत कुलूप लागलेलं घर दिसलं, की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "भिंती कुजल्या, आता पाडूनच बांधायला हवं." चिरा कुजत नाही. कुजतं ते लाकूड. चिऱ्याचा भुगा होतो, आणि तो कशाने होतो हे कळलं तर अशा कितीतरी भिंती वाचवता येतात. ज्या वाचणार नाहीत, त्याही वेळेत ओळखता येतात.

चिरा म्हणजे जांभा, लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी भरलेला भोकाभोकांचा दगड. जुन्या घरांत तो मातीत किंवा चुन्यात रचलेला आणि चुन्याने गिलावा केलेला असतो. जोत्यात ओल अडवणारा थर नसतो, त्यामुळे जमिनीतलं पाणी केशाकर्षणाने वर चढतं. छिद्र जितकं बारीक, तितकं पाणी उंच: 0.01 मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत ते साधारण दीड मीटर चढतं. भिंतीत वाटेतच बाष्पीभवन होतं, म्हणून ओलीची रेषा बहुधा कमरेच्या आसपास थांबते. जुन्या गवंड्यांनी ही ओल अडवली नाही, तिला चुन्यातून बाहेर पडू दिलं.

हे पाणी एकटं येत नाही. खाडीकाठची माती आणि समुद्रावरचा वारा भिंतीत मीठ आणतात. विरघळलेलं मीठ निरुपद्रवी असतं. त्याचा स्फटिक होताना भिंत फुटते. आणि त्यासाठी हवेतल्या आर्द्रतेचा एक आकडा महत्त्वाचा आहे: सुमारे 75 टक्के. हवा त्याहून दमट असेल तर साधं मीठ हवेतलंच पाणी ओढून घेतं आणि त्याचं खारं पाणी होतं. हवा त्याहून कोरडी झाली की पुन्हा स्फटिक. जुलैत गोव्याची हवा बहुतेक वेळ या 75 टक्क्यांच्या रेषेच्या वरच असते, म्हणून भिंत ओली दिसते पण फारशी झडत नाही. पाऊस सरला की रात्री रेषेच्या वर आणि दुपारी खाली असं सुरू होतं. ज्या दिवशी रेषा ओलांडली जाते, त्या दिवशी छिद्रातला स्फटिक एकदा विरघळतो आणि एकदा वाढतो, आणि वाढताना छिद्राच्या कडा रेटतो. पावसाळा सुखरूप गेला आणि थंडीत भिंत झडू लागली, याचं कोडं इथे सुटतं.

आता प्रश्न एवढाच की स्फटिक कुठे वाढतो. चुन्याचा गिलावा श्वास घेतो. पाणी त्याच्या पृष्ठभागावर येऊन उडतं, खार बाहेर फुटतो, झाडूने झाडता येतो. काही वर्षांनी गिलावाच झिजतो, तो नवा करायचा, चिरा शाबूत राहतो. सिमेंटचा गिलावा घट्ट असतो. त्यातून वाफ जेमतेम निघते, म्हणून ओल आणखी वर चढते आणि स्फटिक गिलाव्याच्या मागे, चिऱ्याच्या अंगात वाढतात. शिवाय सिमेंट स्वतःचे सल्फेट आणि अल्कली घेऊन येतं. त्यांतून होणारं सोडियम सल्फेट तर मिठाहून वाईट: 32.4 अंश सेल्सिअसच्या खाली ते दहा रेणू पाणी धरतं आणि त्याचं आकारमान तिपटीहून जास्त होतं. बाहेरून भिंत गुळगुळीत दिसते. टिचकी मारली की पोकळ वाजते.

खार फुटला म्हणून वास्तुदोष शोधत दार हलवू नये, आणि हमीच्या जलरोधक रंगालाही भुलू नये. असा रंग भिंतीचं उरलेलं नाकही बंद करतो.

उलट चूकही होते. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बासिलिकेचा चुन्याचा गिलावा 1950च्या दशकात काढून टाकण्यात आला. तिचा तांबडा उघडा चिरा हेच मूळ रूप, असं आज अनेकांना वाटतं. तेव्हापासून तो चिरा पावसाचा मार थेट सोसतो आहे. जतन म्हणजे दगड उघडा पाडणं नव्हे.

म्हणून पाडायचं की राखायचं हे ठरवण्याआधी भिंतीतली ओल मोजावी. जमिनीपासून 30, 60, 90 आणि 120 सेंटिमीटरवर, 10 सेंटिमीटर खोल, ड्रिल हळू फिरवून भुगा काढावा (वेगाने फिरवला तर तापून ओल उडते). तो लगेच झाकणबंद बाटलीत भरावा, वजन करावं, 105 अंशांवर दिवसभर सुकवून पुन्हा वजन करावं; जेवढं घटलं तेवढी ओल. ओल वर जाताना कमी होत असेल तर ती जमिनीची. वर जास्त असेल तर कौलांची किंवा पन्हळीची, आणि तो दोष सर्वात स्वस्तात निघतो. सुईच्या ओलावामापकावर विसंबू नये, क्षारांमुळे तो फुगलेला आकडा दाखवतो. रस्त्याकडेही पाहावं. डांबराच्या थरांवर थर चढून जोतं बुडालेलं असेल, तर आधी घराभोवतीची जमीन खाली घ्यायला हवी.

भिंतीला पोट सुटलं असेल, आतली आणि बाहेरची चिऱ्यांची रांग एकमेकींपासून सुटली असेल किंवा पाया एका बाजूने खचला असेल, तर तो भाग उतरवावा, त्यात भावनेला जागा नाही. भिंती सरळ असतील तर वाळवीने खाल्लेलं छप्पर हे पाडण्याचं कारण होत नाही. वासे बदलता येतात. मात्र कौलांच्या जागी स्लॅब नको: 12.5 सेंटिमीटरचा स्लॅब चौरस मीटरला 300 किलोहून जड असतो, मंगळुरी कौलं 50 किलोंच्याही आत. नवे मजले, स्नानघरं हवीत तर ती मागच्या बाजूला, स्वतःच्या खांबांवर, जुन्या भिंतीपासून सुटी उभारावीत. जागामालकाला चटईक्षेत्र मिळतं आणि रस्त्यावरचं घर राहतं. अनेक घरं पडीक राहतात ती अर्थात भिंतींमुळे नव्हे. 1867च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या वारसाहक्काने एका घराचे वीस-वीस वाटेकरी झालेले असतात, आणि सह्या जमेपर्यंत कौलं सरकतात. तेवढ्या काळात निदान छप्पर झाकलं तरी भिंत टिकते.

दुरुस्तीचा क्रम ठरलेला आहे. आधी छप्पर, मग पन्हळी आणि निचरा, मग सिमेंट छिन्नीने हलक्या हाताने काढणं. जिथे ते चिऱ्याला घट्ट चिकटलंय तिथे ओढू नये, चिऱ्याची कातडी निघते. भिंत एक कोरडा मोसम उघडी ठेवावी आणि फुटलेला खार कोरड्या ब्रशने झाडून बाहेर टाकावा. पाण्याने धुतला तर परत आत जातो. मग किमान तीन आठवडे भिजवलेला चुना एक भाग आणि धुतलेली नदीची वाळू तीन भाग, सेंटिमीटरभराच्या थरांत. समुद्राची वाळू मुळीच नको. चुना घट्ट होतो तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन, आणि हा वायू पाण्यातून हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. गच्च ओल्या भिंतीत तो आत पोचत नाही, पूर्ण कोरड्या भिंतीत त्याला विरघळायला पाणी नसतं. म्हणून हे काम पाऊस संपल्यावर काढावं, थर ओल्या गोणपाटाने झाकावा, आणि पुढचा थर आठवडाभर थांबूनच चढवावा.