घरातलं नाव

घरातलं नाव म्हणजे कागदावरच्या नावातून घरच्यांच्या तोंडी तयार झालेलं हाक मारायचं नाव. लाडाचं नाव किंवा टोपणनाव असंही म्हणतात, पण टोपणनावात कवींनी स्वतः घेतलेली नावंही येतात आणि मित्रांनी चेहऱ्यामोहऱ्यावरून ठेवलेलीही, इथे विषय फक्त मूळ नावातून घरात उगवलेल्या नावांचा आहे. भाषाशास्त्रात याला हायपोकोरिझम म्हणतात, हा शब्द ग्रीकमधून आलाय आणि त्याच्या मुळाशी लहान मुलांसारखं बोबडं बोलणं असा अर्थ आहे.

बऱ्याच जणांना ही नावाची मोडतोड वाटते, एवढं छान ठेवलेलं नाव आळसाने बिघडवलं असं. पण तसं अजिबात नाहीये. रमेशचा रम्या, सुरेशचा सुऱ्या, दिलीपचा दिल्या, मंगेशचा मंग्या ही नावं शेजारी शेजारी ठेवून बघा, प्रत्येकात पहिलं अक्षर आणि त्याच्या पुढचं व्यंजन तेवढं राहिलंय, बाकीचं कापलंय आणि शेवटी 'या' लावलाय. प्रकाशचा पक्या आणि प्रमोदचा पम्या होतो तेव्हा 'प्र' मधला र पण गळतो. हा नियम कुणी कुणाला शिकवत नाही तरी कधी न ऐकलेलं नाव समोर आलं तर मराठी माणूस ते बरोबर त्याच जागी कापतो. मुलींच्या नावांना बहुतेकदा 'ई' लागते, सुमनची सुमी, आणि हाक मारताना अगं सुमे. 'ऊ' मात्र दोघांना चालतो, संजयचा संजू, अनुराधाची अनू. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचं माहेरचं नाव मणिकर्णिका, आणि घरात मनू, म्हणजे तेव्हाही हीच पद्धत.

या शेपटांचा सूर वेगवेगळा असतो आणि खरी मजा त्यातच आहे. 'या' बरोबरीच्या नात्यातला, थोडा दणकट, भावाभावांचा. 'ऊ' मऊ. त्यामुळे एकच संजय आजीचा संजू असतो आणि मोठ्या भावाचा संज्या, आणि आजीने चुकून संज्या म्हटलं तर त्याला लगेच कळतं की आपलं काहीतरी चुकलंय. रशियनमध्ये हे फार बारकाईने चालतं, अलेक्झांडरचा साशा, माया जास्त आली की साशेंका, आणि जरा धसमुसळेपणाने साश्का. जपानीत नावाचे दोन ठोके ठेवून पुढे चान लावतात, हानाको असेल तर हाना-चान.

पण सगळी नावं मोठ्यांनी केलेली नसतात, कितीतरी नावं घरातल्या सगळ्यात लहान माणसाच्या जिभेने केलेली असतात. दोन वर्षांच्या बहिणीला अनिरुद्ध म्हणायचंय असं समजा. सुरुवातीचा अ ती सोडून देते कारण लहान मुलांना लांब शब्द पेलत नाहीत, रु चा लु होतो कारण र उशिरा येतो, शेवटचं जोडाक्षर तर जमतच नाही, म्हणून उरतं निलू. आई हसून तेच परत म्हणते, मग बाबा, मग आजोबा, आणि बहीण मोठी होऊन अनिरुद्ध स्पष्ट म्हणायला लागते तेव्हा तो कायमचा निलू झालेला असतो. इंग्रजीत मेरीची मॉली आणि सेराची सॅली झाली त्यात हाच र चा ल आहे, स्पॅनिशमध्ये फ्रान्सिस्कोचा पाको झाला त्यात फ चा प. ब्रिटनच्या राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांना लहानपणी स्वतःचं नाव नीट म्हणता येत नव्हतं, त्यातून लिलिबेट आलं, ते घरात आयुष्यभर टिकलं आणि 2021 मध्ये नातू हॅरी यांनी आपल्या मुलीचं अधिकृत नावच लिलिबेट ठेवलं. हॅरी हे सुद्धा घरातलंच नाव, मूळ हेन्री.

काही नावं तर चुकीच्या जागी तुटून झालीत. जुन्या इंग्रजीत लाडाने 'माइन एड' म्हणजे माझा एड म्हणायचे, पुढे कानाला ते 'माय नेड' ऐकू यायला लागलं आणि एडवर्डचा नेड झाला. एलेनची नेल पण अशीच, म्हणजे त्या न मध्ये 'माझा' हा शब्द अडकून राहिलाय, मला तरी या सगळ्या विषयातली ही सगळ्यात गोड गोष्ट वाटते. रॉबर्टचा रॉब आणि त्याच्याशी यमक जुळवून बॉब, रिचर्डचा रिक आणि डिक, आणि डिकचा मुलगा म्हणून डिक्सन हे आडनाव, म्हणजे घरातली हाक थेट आडनावात जाऊन बसली.

घरातलं नाव कुणी घ्यायचं हे ठरलेलं असतं, लिहिलेलं नसलं तरी. नवीन ओळखीच्या माणसाने ते वापरलं तर खटकतं. उलट घरच्यांनी पूर्ण नावाने हाक मारली तर काहीतरी बिनसलंय हे मूल लगेच ओळखतं. काहींच्या बाबतीत मात्र घरातलं नाव उंबरा ओलांडून जगाचं होतं, लोकमान्य टिळकांचं ठेवलेलं नाव केशव होतं, इतिहासात राहिलं ते बाळ. बंगालीत दोन्ही नावांना वेगळे शब्दच आहेत, भालो नाम आणि डाकनाम, यातला डाक म्हणजे हाक, आणि त्या डाकनामाचा मूळ नावाशी आवाजाने संबंध असेलच असं नाही.

त्यामुळेच जुनी पत्रं वाचताना पंचाईत होते. पत्रात 'निलूला ताप आलाय' एवढंच असतं आणि निलू कोण हे सांगणारं कुणी उरलेलं नसतं, दाखल्यावर तर अनिरुद्ध आहे. वंशावळ लिहिणाऱ्याने म्हणून प्रत्येक नावाशेजारी कंसात घरातलं नावही लिहावं, आणि ते कुणी पाडलं हे माहीत असेल तर तेही.