शाळेचा पहिला दिवस आणि प्रवेशोत्सव : पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील राज्य मंडळाच्या शाळा साधारणतः जूनच्या मध्यावर उघडतात. विदर्भात ऊन उतरलेले नसल्यामुळे तेथील शाळा आठवडा-दोन आठवडे उशिरा आणि सुरुवातीला सकाळच्या सत्रात भरतात. २०२५ साली ही तारीख उर्वरित राज्यासाठी १६ जून, तर विदर्भासाठी २३ जून होती. या दिवशी जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकांच्या शाळांत प्रवेशोत्सव साजरा होतो. शिक्षक आधीच येऊन वर्ग झाडून घेतात, पाण्याची टाकी धुऊन ठेवतात, दाराला आंब्याच्या पानांचे तोरण लावतात. सकाळी गावातून प्रभातफेरी निघते, कुठे सजवलेल्या बैलगाडीतून तर कुठे ट्रॅक्टरमधून पहिलीत दाखल होणारी मुले शाळेत आणली जातात, त्यांचे औक्षण होते, कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून कागदावर त्यांच्या पावलांचे ठसे घेतले जातात, पाठ्यपुस्तके हातात दिली जातात आणि दुपारच्या आहारात गोड पदार्थ असतो. पालकांनाही त्या दिवशी आवर्जून बोलावले जाते. हा सोहळा आज इतका सवयीचा झाला आहे की तो पूर्वापार चालत आला असावा असे वाटते. प्रत्यक्षात त्याचे आजचे रूप अलीकडचे आहे. त्याच्यामागचा प्रश्न मात्र जुना आहे. मुलाला शाळेपर्यंत आणण्याची जबाबदारी कोणाची, हा तो प्रश्न, आणि गेल्या दीडशे वर्षांत त्याचे उत्तर अनेकदा बदलले.

इंग्रजी अमलापूर्वीच्या गावोगावच्या शाळांत वर्षाचा पहिला दिवस अशी गोष्टच नव्हती. पंतोजी देवळाच्या ओवरीत किंवा कोणाच्या पडवीत मुले जमवून शिकवीत, आणि मूल तयार झाले असे घरच्यांना वाटेल तेव्हा, बहुधा दसऱ्यासारखा मुहूर्त पाहून, त्याला तेथे नेऊन बसवले जाई. धूळपाटीवर पहिली अक्षरे गिरवून घेतली जात आणि पंतोजींना धान्य किंवा दक्षिणा मिळे. म्हणजे स्वागत होते, पण ते कुटुंबाने केलेले होते, आणि ज्या कुटुंबांना हा अधिकार समाजाने दिला होता त्यांच्यापुरतेच होते. मुलींना आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांना ती ओवरी बंद होती. हे लक्षात न घेता जुन्या विद्यारंभाच्या संस्काराचे गोडवे गाणे मला अपुरे वाटते.

ही दारे उघडण्याचे काम पुण्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढून सुरू केले. शाळा उघडणे ही पहिली पायरी होती. मुले तेथे टिकण्यासाठी काय करावे लागेल याचा विचारही फुल्यांनीच नेटाने मांडला. १८८२ साली ब्रिटिश सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. दारिद्र्यामुळे गरीब रयत मुलांना शाळेत पाठवू शकत नाही, म्हणून शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे देऊन तिला उत्तेजन द्यावे, हेही त्यांनी त्याच निवेदनात सांगितले. सक्ती आणि उत्तेजन हे दोन्ही मार्ग तेथे शेजारी शेजारी आले आहेत, आणि पुढच्या काळातील बहुतेक योजना या दोहोंपैकी एकाच्या वाटेने गेल्या आहेत.

सक्तीचा मार्ग प्रथम संस्थानांनी धरला. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली भागात प्रयोग केला आणि १९०६ साली तो संपूर्ण संस्थानाला लागू केला. ब्रिटिश मुलखासाठी गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली केंद्रीय कायदेमंडळात तसे विधेयक आणले, पण पुढच्या वर्षी ते फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठरवला. त्या काळी एक रुपया ही शेतमजुराला झोंबणारी रक्कम होती. मुंबई इलाख्यात १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने नगरपालिकांना सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार देणारा कायदा झाला, १९२३ साली त्याची व्याप्ती वाढली, आणि १९४७ चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ महाराष्ट्राचा आधार राहिला. कागदावर सक्ती असली तरी ज्या घरात गुरे राखायला आणि धाकट्या भावंडाला सांभाळायला मूल लागत होते, त्या घरावर दंडाचा फारसा उपयोग झाला नाही.

या अडचणीला सर्वांत विचारपूर्वक उत्तर दिले ते बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आजूबाजूच्या पाड्यांवरची वारली मुले शाळेत येत नव्हती, कारण मोठी मुले गुरांमागे जात आणि मुलींच्या कडेवर धाकटे भावंड असे. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवून ‘विकासवाडी’ उभी करण्यात आली, म्हणजे मोठी बहीण वर्गात बसली असता तान्हे मूल शेजारीच झोपू शकेल. जी मुले तरीही येत नव्हती त्यांच्यासाठी शिक्षक गुरे चरतात त्या कुरणावर गेले आणि तेथे शाळा भरवली. तिला कुरणशाळा म्हणत. पाड्याच्या अंगणातच लहान मुलांना जमवून, त्यांना आंघोळ घालून, गाणी-गोष्टींनी शिकवण्याची अंगणवाडीची कल्पनाही याच कामातून आकाराला आली. स्वागताचा इतका खरा अर्थ पुढच्या कोणत्याही सरकारी परिपत्रकात मला आढळलेला नाही.

त्याच दशकांत सामान्य गावात प्रवेशाचे काम गुरुजींच्या अंगावर होते. जून आला की गुरुजी पट, म्हणजे मुलांची नोंदवही, घेऊन घरोघर जात, अंगणात खेळणाऱ्या मुलाला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगत, आणि कान हाताला लागला तर मूल सहा वर्षांचे झाले असे समजून त्याचे नाव लिहीत. जन्माची नोंद बहुतेक घरांत नसे. मग गुरुजी मनाने हिशेब करून १ जून ही जन्मतारीख टाकत, म्हणजे मूल प्रवेशाच्या वयात बरोबर बसे. आज साठी-सत्तरीत असलेल्या पिढीत १ जून हा वाढदिवस असलेली माणसे एवढी का, आणि ३१ मे रोजी सरकारी कार्यालयांत एकदम इतके कर्मचारी निवृत्त का होत आले, याचे कारण त्या पटावरच्या अक्षरांत आहे. ही तारीख अनेकदा थट्टेचा विषय होते. मला त्यात त्या गुरुजींची धडपड दिसते, कारण कागद नाही म्हणून त्यांनी मुलाला दारातून परत पाठवले नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात वयाचा दाखला नसल्याच्या कारणावरून प्रवेश नाकारता येणार नाही असे कलम आले, तेव्हा गुरुजींची ती रीत एका अर्थाने कायद्यात उतरली.

उत्तेजनाचा मार्ग स्वातंत्र्यानंतर हळूहळू रुंदावला. २७ जानेवारी १९६७ रोजी पाठ्यपुस्तक मंडळाची, म्हणजे बालभारतीची, स्थापना झाली आणि राज्यभर एकसारखी, परवडणाऱ्या किमतीची पुस्तके मिळू लागली. पुढे प्रत्येक मुलाला प्राथमिक शिक्षण मिळावे यासाठीच्या सर्व शिक्षा अभियानाच्या काळात ती आठवीपर्यंत मोफत झाली. नव्वदच्या दशकात दुर्बल घटकांतील मुलींना हजेरीच्या दर दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. शाहू महाराजांच्या काळी जो रुपया पालकाकडून दंड म्हणून घ्यायचा होता, तो आता मुलीला हजेरीसाठी मिळू लागला; या दोन रुपयांमधल्या पाऊणशे वर्षांत शासनाचा पालकाकडे पाहण्याचा दृष्टिकोन किती पालटला ते येथे दिसते. १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्राची पोषण आहार योजना आली. आरंभी महाराष्ट्रात ऐंशी टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी नेण्यासाठी दिला जाई. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शिजवलेले अन्न शाळेतच देणे बंधनकारक झाले आणि पातेल्यातली खिचडी शाळेच्या दिवसाचा भाग झाली. साधारण त्याच सुमारास, जवळ शाळा नसलेल्या वाड्यांसाठी आणि वस्त्यांसाठी वस्तीशाळा निघाल्या, ज्यांचे पुढे नियमित प्राथमिक शाळांत रूपांतर झाले.

प्रवेशाचा दिवस उत्सव म्हणून साजरा करण्याची आजची पद्धत एकविसाव्या शतकातली आहे. शेजारच्या गुजरातेत २००३ पासून ‘शाळा प्रवेशोत्सव’ याच नावाने मोहीम सुरू झाली आणि तीत मंत्री व अधिकारी गावोगावच्या शाळांत जाऊ लागले. महाराष्ट्रात पटनोंदणी पंधरवडा, प्रभातफेरी आणि पुस्तकवाटप हे घटक आधीपासून होतेच. सर्व शिक्षा अभियानाच्या काळात ते एका दिवसाभोवती गोळा झाले. १ एप्रिल २०१० रोजी शिक्षण हक्क कायदा अमलात आल्यावर त्याला कायदेशीर बळ मिळाले, कारण प्रवेश हा आता मुलाचा हक्क झाला आणि मुलाला शाळेत दाखल करून घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरले. त्याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत असे ठरवले. त्यामुळे पहिल्या दिवशी पालकांना दिले जाणारे निमंत्रण हा आता केवळ सौजन्याचा भाग राहिलेला नाही.

उत्सवाच्या मागे एक चिंताही आहे आणि ती सांगणे आवश्यक आहे. शिक्षकांची पदे पटसंख्येवर ठरतात. खेड्यापर्यंत खासगी शाळांच्या पिवळ्या बस पोहोचल्या, इंग्रजी माध्यमाची ओढ वाढली, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट उतरू लागला. पूर्वी पट फुगवून दाखवण्याचे प्रकारही झाले. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी झालेल्या विशेष पटपडताळणीत ते मोठ्या प्रमाणावर उघडकीस आले. सप्टेंबर २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा, म्हणजे अशा अनेक शाळांची मिळून एक शाळा, उभारण्याचा विचार शिक्षण विभागाने पुढे आणला, तेव्हा दुर्गम वाड्यांवरची शाळा राहील का अशी भीती अनेक गावांत निर्माण झाली. एप्रिल-मेच्या उन्हात घरोघर फिरून दाखलपात्र मुलांची यादी करणारा शिक्षक आज मुलांच्या हक्कासाठी फिरतो आणि आपली शाळा टिकावी म्हणूनही फिरतो. ही दोन्ही कारणे प्रामाणिक आहेत.

करोनाने या दिवसाचा अर्थ आणखी बदलला. मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या आणि मधल्या काळात फक्त वरच्या वर्गांसाठी थोडे दिवस भरलेल्या शाळा ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागात पाचवीपासून आणि शहरांत आठवीपासून उघडल्या. पहिली ते चौथीच्या वर्गांना त्यानंतरही थांबावे लागले. दुसरीत बसलेल्या मुलाने पहिलीचा वर्ग पाहिलेलाच नाही अशी स्थिती होती, आणि अंगणवाड्याही बंद राहिल्यामुळे पहिलीत येणारी मुले कोणत्याही तयारीविना येणार होती. त्यातून २०२२ साली ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान सुरू झाले. त्याचा पहिला मेळावा एप्रिलमध्ये आणि दुसरा जूनमध्ये शाळा उघडताना होतो. मेळाव्यात सात टेबले मांडलेली असतात. पहिल्यावर नाव नोंदले जाते, मग मूल दोरीवरून उड्या मारते, कागद फाडते, चित्रांची जुळणी करते, चित्र पाहून गोष्ट सांगते, खडे मोजते. प्रत्येक ठिकाणी त्याला काय जमले याची खूण विकासपत्रावर होते आणि शेवटच्या टेबलावर ते पत्र आईच्या हाती देऊन पुढच्या काही आठवड्यांत घरी काय करून घ्यायचे ते समजावले जाते. त्यासाठी वस्तीतल्या मातांचे गट केले जातात. आईला शाळेच्या फाटकावर निरोप देऊन परत न पाठवता मुलाच्या तयारीत बरोबरीने सामील करून घेणारी ही पद्धत मला प्रवेशोत्सवातला सर्वांत मोलाचा भाग वाटते, आणि फुले-हारांपेक्षा तिच्यावर अधिक वेळ व पैसा खर्च व्हावा असे माझे मत आहे.

पहिल्या दिवशी काय द्यायचे यावर मात्र धोरण वारंवार हलत राहिले. २०२४-२५ मध्ये राज्यभर एकच गणवेश बचत गटांकडून शिवून देण्याचा निर्णय झाला, अनेक शाळांत तो महिनोन्‌महिने पोहोचला नाही, आणि डिसेंबर २०२४ मध्ये गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आला. २०२३-२४ पासून पाठ्यपुस्तकांत वहीची कोरी पाने जोडली होती, तीही २०२५ मध्ये काढण्याचे ठरले.

जूनमध्ये पटावर आलेली सगळी मुले वर्षभर तेथेच असतात असेही नाही. बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि मुले बैलगाड्यांबरोबर जातात. त्यांच्यासाठी पूर्वी कारखान्यांवर साखरशाळा चालवल्या गेल्या, नंतर मुलांना गावातच ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहे आली, आणि जी मुले तरीही जातात त्यांच्याबरोबर शिक्षण हमी कार्ड देण्याची तरतूद झाली, जेणेकरून पोहोचतील तेथील शाळेने त्यांना वर्षाच्या मध्येही विनाअट दाखल करून घ्यावे. शिक्षण हक्क कायदाही उशिरा आलेल्या मुलाला प्रवेश नाकारू देत नाही. या मुलांचा नव्या शाळेतला पहिला दिवस नोव्हेंबरमध्ये येतो, आणि त्या दिवसासाठी मेळावा, विकासपत्र किंवा पालकांच्या भेटीची सोय अजून कोणत्याही वेळापत्रकात धरलेली नाही.